द्वारपालाचा संयम

अंगावर कोठें सूज आली, कीं ती उतरविण्याच्या खटपटीस आपण तत्काळ लागतों. ती कां आली, हें विचारण्याचें मात्र क्वचितच सुचतें. बोटांत कुसळ गेलें आणि भोंवतालची जागा लाल होऊन ठणकूं लागली, तर लेप, शेक अथवा गोळी यांपैकीं जें हाताशीं असेल तें आपण योजतों, आणि सूज ही शरीराची वैरीण असें मनाशीं धरून चालतों. वैद्यशास्त्राचें मत याहून निराळें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें लाली, ऊब, सूज आणि ठणका अशीं या अवस्थेचीं चार लक्षणें सांगून ठेविलीं आहेत. आपल्या वैद्यकांत तीस शोथ अशी संज्ञा आहे. फुगणें या अर्थाच्या ‘श्वि’ धातूशीं तिचें नातें लावितात. त्या शब्दांत वैराचा लवलेशही नाहीं. खरोखरच, शोथ म्हणजे शरीरानें आपल्या रक्षणार्थ उभें केलेलें सैन्य होय. तें निघालें नाहीं, तर साध्या कुसळानें मनुष्य दगावेल. परंतु सैन्याचें निघणें जितकें अगत्याचें, तितकेंच त्याचें वेळेवर माघारीं फिरणेंही अगत्याचें. ज्याच्या अनुज्ञेनें हें जाणें-येणें चालतें, त्या द्वारपालाचा परिचय वाचकांस करून द्यावा, असा आजच्या लेखाचा हेतु आहे.

हा द्वारपाल म्हणजे रक्तवाहिनीचें आंतलें अस्तर. हृदयापासून निघणारी, अंगठ्याहूनही जाड अशी महारोहिणी घ्या, किंवा केसाहूनही बारीक अशी केशवाहिनी घ्या. दोहींच्या आंतल्या बाजूस चपट्या पेशींचा एकेरी थर फरशीस फरशी भिडवावी तसा बसविलेला असतो. शास्त्रज्ञ त्यास अंतःस्तर म्हणतात. केशवाहिनीला तर भिंत म्हणून जवळजवळ एवढाच थर असतो. तांब्यापितळेच्या भांड्यास आंतून कल्हई असते, तसेंच हें एक निर्जीवप्राय अस्तर असावें, अशी विद्वानांचीही पुष्कळ काळ समजूत होती.

ती समजूत ढळली, तिचें श्रेय मुख्यतः न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट यांच्या १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगास दिलें पाहिजे. सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्या घेऊन त्यांवर ते एका औषधाचा परिणाम पाहत होते. कांहीं पट्ट्या त्या औषधानें सैल पडत, कांहीं उलट आंखडत. औषध तेंच, रोहिणीही तीच. मग हा भेद कां? शोधाअंतीं असें दिसून आलें, कीं पट्टी तयार करतांना जिचें अस्तर घांसलें जाऊन निघालें होतें, ती सैल पडत नव्हती. तेव्हां सैल होण्याची आज्ञा स्नायूस अस्तराकडून मिळते, हें उघड झालें. ही आज्ञा घेऊन जाणारा दूत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा एक साधा वायु आहे, असें पुढें ठरलें, आणि १९९८ सालीं फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिड मुराद या तिघांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. हा वायु वाहिनी सैल ठेवतो, रक्तांतील बिंबिकांस, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या सूक्ष्म कणांस, एकमेकींस चिकटूं देत नाहीं, आणि पांढऱ्या पेशींस भिंतीवर बसूं देत नाहीं. निरोगी वाहिनीची शांतता आपोआप आलेली नसते. हें अस्तर ती क्षणोक्षणीं निर्माण करीत असतें.

आतां संकटाच्या वेळीं काय होतें तें पाहूं. बोटांत कुसळ शिरलें, त्याबरोबर जंतु शिरले. तेथील रखवालदार पेशी आरोळी ठोकतात; अर्थात् कांहीं विशिष्ट प्रथिनें सोडतात. ती आरोळी जवळच्या केशवाहिन्यांच्या व बारीक नीलांच्या अस्तरास पोंचते. अस्तराच्या पेशींत कांहीं सामग्री आधींच भरून ठेवलेली असते; हीं कोठारें एवाल्ड वाइबेल आणि जॉर्ज पॅलाड या दोघांनीं १९६४ सालीं प्रथम वर्णिलीं. त्या कोठारांतून चिकट प्रथिनांचे आंकडे कांहीं मिनिटांतच पृष्ठभागावर येतात. आणखी निराळ्या प्रकारचे आंकडे घडविण्यास कांहीं तास लागतात. वाहत्या रक्तांतली पांढरी पेशी या आंकड्यांवर अडखळते, घरंगळत पुढें जाते, थांबते, आणि दोन फरशांमधल्या फटींतून अंग चोरून बाहेर पडते. फटी रुंदावल्यामुळें रक्तांतला द्रवही पाझरतो. आपण जिला सूज म्हणतों ती हीच. येथवर सर्व यथायोग्य आहे.

परंतु हेंच दार उघडें राहिलें तर? जय-विजयांची कथा आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वैकुंठाच्या दारीं उभे असलेले ते द्वारपाल कर्तव्यांत चुकार नव्हते. अतिउत्साहानें त्यांनीं सनकादिकांस अडविलें आणि तीन जन्मांची आपत्ति ओढवून घेतली. द्वारपालाचा आळस जितका घातक, तितकाच त्याचा अतिरेकही घातक. अस्तराच्या पेशींत क्षोभ टिकून राहिला, तर वाहिनी आंखडते, रक्ताच्या गुठळ्या होतात, पांढऱ्या पेशी भिंतींत ठाण मांडतात आणि चरबीचे थर साचूं लागतात. हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेहानें होणारे मूत्रपिंडाचे व डोळ्यांचे विकार यांच्या मुळाशीं या बिघाडाचा मोठा वांटा असतो. मग निसर्गानें या द्वारपालास संयम शिकविला आहे कीं नाहीं? शिकविला आहे, आणि तोही अनेक परींनीं.

पहिली तजवीज बाह्यांगाची. अस्तराच्या रक्ताकडील बाजूस शर्करायुक्त रेणूंची मखमलीसारखी साय असते. तिच्या लवेंत तें चिकट आंकडे झांकले जातात, त्यामुळें वाटेनें जाणारी पेशी निष्कारण अडकत नाहीं. दुसरी तजवीज अंतरंगाची, आणि आम्हांस ती सर्वांत विलक्षण वाटते. १९८६ सालीं रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनीं पेशींतील एका प्रथिनाचा शोध लावला. त्यास एनएफ-कप्पा-बी असें नांव आहे. शोथाची आज्ञा पेशीच्या केंद्रापर्यंत नेणारा हाच तो सेनापति. एरव्हीं त्याच्या पायांत एका दुसऱ्या प्रथिनाची बेडी असते. आरोळी ऐकूं आली कीं बेडी तुटते, सेनापति केंद्रांत शिरतो आणि आज्ञा सोडूं लागतो. गंमत अशी, कीं त्याच्या पहिल्या आज्ञांपैकीं एक आज्ञा नवी बेडी घडविण्याची असते! शिवाय तो ए-२० नांवाचें आणखी एक प्रथिन निर्माण करवितो, आणि तें आरोळीचा आवाजच मध्यें तोडतें. हें ए-२० प्रथिन १९९० सालीं विश्व दीक्षित व त्यांचे सहकारी यांस नवजात बालकाच्या नाळेंतील शिरेच्या अस्तरपेशींतच सांपडलें. ज्या उंदरांत तें मुळींच नसतें, ते जन्मल्यावर थोड्याच दिवसांत सर्वांगाच्या शोथानें मरतात, हें २००० सालीं दिसून आलें. ज्यानें शंख फुंकावा त्यानेंच तो खालीं ठेवण्याची आठवण बरोबर बाळगावी, ही योजना माणसांच्या राज्यव्यवस्थेंतही विरळाच आढळते.

तिसरी तजवीज सफाईची. मुका मार लागला म्हणजे त्वचेवरचा डाग प्रथम काळानिळा, मग हिरवट आणि शेवटीं पिंवळा होतो, हें प्रत्येक आईनें मुलाच्या गुडघ्यावर पाहिलें आहे. सांडलेल्या रक्तांतील लोहयुक्त रंगद्रव्य फोडणारें एक किण्वक शरीरांत असतें, त्याचा हा प्रताप. अस्तराच्या पेशीही क्षोभाच्या वेळीं तेंच किण्वक तयार करितात, कारण मोकळें पडलेलें तें रंगद्रव्य पेशींस जाळतें, आणि तें फोडून निघणारीं द्रव्यें मात्र क्षोभ शमवितात. हें किण्वक ज्याच्या शरीरांत जन्मतःच नाहीं, अशा एका जपानी बालकाची हकीकत १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच्या रक्तवाहिन्यांचें अस्तर ठिकठिकाणीं जखमी झालेलें होतें. या एका दुर्दैवी मुलानें त्या किण्वकाचें मोल सर्व जगास शिकविलें.

चौथी तजवीज सर्वांत सोपी, आणि आपल्या हातची आहे. ती म्हणजे रक्ताचा प्रवाह. पुण्याच्या जुन्या रहिवाशांस कात्रजच्या नळाची हकीकत ठाऊक असेलच. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावांतील पाणी जमिनीखालून बांधीव मार्गानें शहरांत आणिलें. जागोजाग उच्छ्वास ठेविले, पेठापेठांतून हौद बांधिले. त्या हौदांचीं नांवें चौकांना अजून चिकटून आहेत. अशा कोणत्याही जलमार्गांत पाणी सरळ वाहतें तोंवर गाळ बसत नाहीं. जेथें वळण येतें, फांटा फुटतो, पाणी घुटमळतें, तेथें तो बसतो. रक्तवाहिन्यांतही चरबीचे थर प्रथम फांट्यांशीं आणि वळणांशींच धरतात. येथपर्यंत साम्य आहे. परंतु नळाची वीट पाण्याचा स्पर्श ओळखत नाहीं. अस्तराची पेशी ओळखते. सरळ, सलग वाहणारें रक्त तिच्या अंगावरून घांसत गेलें, कीं त्या स्पर्शानेंच तिच्यांत शांतीच्या आज्ञा सुटतात. नायट्रिक ऑक्साइड वाढतें, वर सांगितलेलें किण्वक वाढतें, आणि सेनापतीस लगाम बसतो. जेथें प्रवाह घुटमळतो, तेथें ही शिकवण क्षीण होते. चालण्याफिरण्यानें हृदयविकार टळतो असें आपण ऐकतों, त्याचें एक कारण हें आहे. चालतांना रक्ताचा वेग वाढतो, आणि तो वेगच अस्तरास संयमाचा पाठ देतो. या औषधाची बाटली मिळत नाहीं. तें रोज पायांनीं तयार करावें लागतें.

हा संयम सुटला म्हणजे काय होतें, याचा दारुण अनुभव आपण अलीकडेच घेतला. २०२० सालच्या मार्च महिन्यांत महाराष्ट्रांतले पहिले करोनाबाधित रुग्ण या पुण्यांतच आढळले. हा विकार फुप्फुसांचा, अशी आरंभीं समजूत होती. पुढील महिन्यांतच झुरिच येथील डॉक्टरांनीं अनेक अवयवांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरास शोथ झाल्याचें प्रसिद्ध केलें. पुष्कळ रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या कां होतात, याचा उलगडा त्यामुळें होऊं लागला. त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें झालेल्या मोठ्या परीक्षेंत डेक्सामेथासोन हें जुनें, स्वस्त, शोथशामक औषध यशस्वी ठरलें. श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू त्यानें सुमारें एकतृतीयांशानें घटले, नुसता प्राणवायु लागणाऱ्यांत सुमारें एकपंचमांशानें. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना त्यापासून कांहींच लाभ झाला नाहीं. यांतील तात्पर्य घरोघरीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शोथ अनावर झाल्यावर तो दाबणें हें जीवदान ठरतें. पण सैन्य आपलें काम करीत असतां त्याचे हात बांधणें हितावह नाहीं. शेजाऱ्यानें सांगितली म्हणून स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आतां आमच्या वाचकवर्गास विशेष लागू पडणारा भाग सांगतों. आपण निर्व्यसनी, शाकाहारी, बेताचें जेवणारे व अंगानें सडपातळ. सबब हृदयविकार आपल्या दारीं येणार नाहीं, असा एक गोड समज मध्यमवर्गीय घरांतून रूढ आहे. या समजास धक्का देणारे शोध रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालयांत झाले आहेत. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत आपल्या दोघांचें छायाचित्र छापून आणिलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचा सारखाच, २२.३, पण शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहांत चरबी अशी लपून बसते. विशेषतः पोटांतली ही चरबी स्वस्थ बसत नाहीं. जखमेच्या वेळीं रखवालदार पेशी जीं प्रथिनें सोडतात, त्यांपैकींच कांहीं ती हळूहळू, अहोरात्र रक्तांत सोडीत राहते. कुसळ कोठेंही नाहीं आणि आरोळी मात्र चालू. अशा स्थितींत द्वारपालाच्या संयमाची किती काळ परीक्षा पाहावी?

दुसरा शोध आहारासंबंधीं आहे. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुणें शहर, झोपडपट्टी व भोंवतालचीं खेडीं यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचें रक्त तपासलें. त्याचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. एकंदर ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलें, आणि शहरी मध्यमवर्गांत तर तें प्रमाण ८१ टक्के निघालें. म्हणजे ज्यांस अन्नाची ददात नाहीं, त्यांच्याच घरीं ही उणीव अधिक! हें जीवनसत्त्व वनस्पति निर्माण करीत नाहींत. तें फक्त सूक्ष्म जंतु करितात, आणि तें मनुष्यास मुख्यतः प्राणिज अन्नांतून मिळतें. शाकाहारी मनुष्यास काय तो दुधादह्याचा आधार. तें कमी पडलें म्हणजे रक्तांत होमोसिस्टीन नांवाचें द्रव्य वाढतें, आणि हें द्रव्य वाढलें असतां अस्तराची नायट्रिक ऑक्साइड पुरविण्याची शक्ति उणावते, असें प्रयोगांत दिसतें.

येथें न्यायासनावर बसल्याप्रमाणें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जीवनसत्त्वें देऊन होमोसिस्टीन उतरविलें, तर हृदयविकाराचे झटके टळतील काय, याच्या मोठ्या परीक्षा परदेशांत झाल्या. २००६ सालीं त्यांचे निकाल आले. होमोसिस्टीन उतरलें, झटके मात्र कमी झाले नाहींत. तेव्हां ब-१२ ची गोळी म्हणजे हृदयाचें कवच, असा प्रचार कोणीं करील तर त्यावर विश्वास ठेवूं नये. तथापि ही उणीव भरून काढावयास दुसरीं सबळ कारणें आहेत: तिच्यामुळें पंडुरोग होतो, हातापायांस मुंग्या येतात, स्मरण मंदावतें, आणि गर्भिणीस तर तिची विशेष काळजी घ्यावी लागते. त्यासाठीं कुलाचार मोडण्याची आवश्यकता नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुण्यांतील एका लहानशा प्रयोगांत नित्य दूध घेण्यानें शाकाहारी तरुणांचें ब-१२ सुधारल्याचें दिसलें. औषधांतील ब-१२ देखील जंतूंकडून आंबवण क्रियेनेंच तयार करवितात. तेव्हां सोंवळ्याची शंका घेण्याचें कारण नाहीं. रक्त तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, लागेल तेवढें घ्यावें म्हणजे झालें.

उरलेला उपदेश थोडक्यांत सांगतों. द्वारपालास संयम निसर्गानेंच दिला आहे. आपलें काम एवढेंच, कीं त्याच्या कानाशीं विनाकारण घंटा वाजत ठेवूं नये. तंबाखू व धूम्रपान ही पहिली घंटा. रक्तांतील वाढलेली साखर ही दुसरी. अस्तरावरील मखमली साय ती झडवून टाकते. उपेक्षिलेला रक्तदाब ही तिसरी. चौथी घंटा तोंडांतच असते, आणि तिजकडे घरांतल्या वडीलधाऱ्यांचें सर्वांत दुर्लक्ष होतें. हिरड्यांच्या जुनाट शोथावर कसून उपचार केले असतां पहिल्या दिवशीं अस्तराचें काम उलट बिघडलें, पण सहा महिन्यांनीं तें स्पष्ट सुधारलें, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत दिसून आलें. म्हणून आजोबांचे हलणारे दांत हा केवळ चकल्या-कडबोळ्यांचा प्रश्न समजूं नये.

आणि शेवटीं चालणें. आमच्या वयाच्या पुष्कळ गृहस्थांस सकाळीं वर्तमानपत्र संपेपर्यंत खुर्ची सोडवत नाहीं. गृहिणी दिवसभर घरांत राबतात, म्हणून त्यांना निराळें चालण्याची गरज नाहीं, असेंही पुरुषमंडळी परस्पर ठरवून टाकतात. दोन्ही गोष्टी सोडाव्या. पर्वती आहे, तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. चढवत नसेल त्यांनीं सपाट रस्त्यानें जावें. दोघांनीं मिळून निघावें, आणि श्वास जरा लागेल पण बोलणें तुटणार नाहीं, अशा वेगानें अर्धा तास तरी चालावें. वाटेंत काय बोलावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. तेवढा वेळ रक्त मात्र आपल्या अस्तराशीं हिताचेंच बोलत असेल.